प्रतीक शोधण्याआधी उजेड आणि देह वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांमधून चित्रांचं रसग्रहण छापून येऊ लागलंय याचा चित्रकला शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांना मनापासून आनंद आहे. पण शृंगार किंवा विरह हा विषय असलेल्या मानवाकृती चित्रांवर लिहिताना बहुतेक लेखांत एक ठरलेली यादी वापरली जाते. लाल म्हणजे प्रेम, पांढरा म्हणजे पावित्र्य, हंस म्हणजे शुद्धता, झुकलेली नजर म्हणजे लज्जा, काळोखी पार्श्वभूमी म्हणजे दुःख. या यादीवर लेख पूर्ण होतो, चित्र मात्र पाहायचं राहून जातं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसणारी मुलंही तीच यादी पाठ करून येतात आणि समोर कुठलंही चित्र ठेवलं तरी तीच म्हणून दाखवतात. म्हणून हे लांबलेलं पत्र.

आमचं म्हणणं असं, की चित्रातला भाव आधी देहाच्या ठेवणीत आणि उजेडात असतो. प्रतीक त्यानंतर येतं. देह आणि उजेड यांनी दुजोरा दिला तरच एखाद्या वस्तूला प्रतीक म्हणावं, एरवी ती चित्रातली एक वस्तू एवढंच.

विदर्भाच्या लेकीपासूनच सुरुवात करू. राजा रविवर्मा यांचं 'हंस दमयंती' हे 1899 सालचं तैलचित्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा कलादालनात आहे. लाल साडीतली दमयंती कठड्यावरच्या हंसाकडे वळून त्याचं बोलणं ऐकते आहे. यावर हमखास लिहिलं जातं, की लाल साडी म्हणजे अनुराग आणि पांढरा हंस म्हणजे तिच्या प्रेमाची शुद्धता. आता मूळ कथा पाहा. महाभारतातल्या नलोपाख्यानात हंसाला कथेत एकच काम आहे, नळाचे गुण दमयंतीच्या कानावर घालण्याचं. तो दूत आहे. शिवाय तिथले हंस सोन्याने मढल्यासारखे आहेत, पांढरे नाहीत. रविवर्म्यांनी तो पांढरा केला. याचं कारण आम्हाला तरी रंगयोजनेत दिसतं. लाल साडी हा चित्रातला सर्वांत मोठा उष्ण भाग, त्यामुळे नजर आधी तिथे जाते. तिथून ती पांढऱ्या पक्ष्यावर जाते आणि पुन्हा दमयंतीच्या चेहऱ्यावर परतते. डोळ्यांची ही ये-जा म्हणजेच त्या दोघांचं संभाषण. लाल आणि पांढरा यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडली आहे, तिच्यातच चित्राचा भाव आहे. साडी निळी केली असती तर कथा तीच राहिली असती, पण ही ये-जा मंदावली असती.

आणखी एक गोष्ट लेखांतून सुटते ती म्हणजे नळाची गैरहजेरी. प्रेमाचं चित्र आहे आणि प्रियकर त्यात नाही. शृंगारविषयक चित्रासमोर उभं राहिल्यावर 'इथे कोण नाही?' हा प्रश्न 'इथे काय काय आहे?' या प्रश्नाच्या आधी विचारावा. भारतीय परंपरेत तर हा प्रश्न फारच कामाला येतो, कारण आपल्याकडची पुष्कळ शृंगारचित्रं एकट्या नायिकेची आहेत.

शकुंतलेचं उदाहरण घ्या. रविवर्म्यांची शकुंतला सख्यांबरोबर चालता चालता पायातला काटा काढायचं निमित्त करून मागे वळून पाहते. दुष्यंत चौकटीच्या बाहेर आहे. या चित्राबद्दल 'काटा म्हणजे प्रेमातली वेदना' असं वाक्य अनेकदा वाचायला मिळतं. पण कालिदासाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत स्वतःच विदूषकाला सांगतो, की ती चार पावलं गेली आणि दर्भाचा कोंब पायाला लागला म्हणून अवचित थांबली; वल्कल झाडाला अडकलेलं नसतानाही ते सोडवत, मान वळवून उभी राहिली. म्हणजे काटा हा बहाणा आहे. त्यात वेदना शोधली की चित्राचा भावच उलटा लागतो. आणि हे कळायला संस्कृत नाटक वाचलेलंच हवं असं नाही, देह पुरेसा आहे. पाय खरंच दुखत असेल तर माणसाची नजर पायाकडे जाते, खांदे आत येतात, कपाळाला आठी पडते. इथे एक हात सखीच्या खांद्यावर, एक पाय उचललेला आणि मान पार मागे. पाय एकीकडे जायला निघालेले, डोळे दुसरीकडे. हा विरोधच त्या चित्राचा विषय आहे.

म्हणूनच वर्गात आम्ही एक साधी गोष्ट आग्रहाने करून घेतो. चित्रातली पोझ स्वतः घेऊन तीस सेकंद उभं राहायचं. भार कोणत्या पायावर आला, मानेची कुठली शीर ताणली, श्वास मोकळा आहे की अडतोय, हे अंगाला लगेच समजतं. शकुंतलेची पोझ आधाराशिवाय टिकत नाही. सखीचा खांदा काढून घेतला तर तोल जातो. सखी तिथे सजावटीला नाही हे अशा वेळी आपोआप उमगतं. झुकलेल्या नजरेचंही तसंच. लाजताना मान कलते पण पाठ ताठ राहते. शोकात पाठीचा कणाच खचतो आणि खांदे पुढे येतात. थकव्यात तळहात उघडे पडतात. फक्त पापण्या पाहून 'लज्जा' असं लिहून मोकळं होणं म्हणजे अर्धंही पाहणं नाही.

दुसरी पायरी उजेडाची. चित्रापासून सहा-सात फूट मागे जाऊन डोळे किलकिले करा. तपशील पुसले जातात आणि गडद, मध्यम, फिकट असे तीनच भाग उरतात. 2बी पेन्सिलने ते तीन भाग साधारण 6 × 8 सेंटिमीटरच्या चौकटीत भरा. नाक-डोळे काढायचे नाहीत. मोबाइल असेल तर फोटो कृष्णधवल करून पडताळा. एवढ्याशा चौकटीत भाव उतरलेला दिसला, तर तो उजेडातून आलेला आहे. उतरला नाही, तर तो रंगातून किंवा कथेतून आलेला आहे. दोन्ही चालतं, पण कुठून आला हे माहीत असावं. मुलांकडून इथे एक चूक नेहमी होते. ती गडद भागात सावली आणि मूळचा गडद रंग एकत्र करून टाकतात. काळे केस ही सावली नव्हे. केसांवर उजेड पडला असेल तर ते मध्यम भागात जायला हवेत. हा फरक नाही केला तर प्रत्येक नायिका उदास दिसू लागते.

उजेडच भाव होतो याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्या मराठी चित्रकाराचं आहे. सावंतवाडीला जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. हातात समई-निरांजनासारखा दिवा धरून उभी असलेली स्त्री, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला. पुष्कळ लोक ते रविवर्म्यांचं तैलचित्र समजतात. ते 1945-46 च्या सुमारासचं जलरंगातलं काम आहे आणि रविवर्मा 1906 सालीच गेले होते. माध्यमाचा हा फरक भाव समजून घ्यायला महत्त्वाचा आहे. तैलरंगात उजेड शेवटी वरून चढवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. ज्योत कुठे असेल हे पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, देण्याआधीच ठरलेलं असावं लागतं आणि मग सगळा अंधार तिच्याभोवती थरावर थर देत रचावा लागतो. एकदा ती जागा रंगली की गेली.

त्या चित्रातली बोटं जवळून पाहा. ज्योतीवर धरलेल्या हाताच्या बोटांच्या कडा लालसर, आतून उजळल्यासारख्या दिसतात, कारण प्रखर उजेड पातळ मांसातून आरपार येतो. ज्योत आपल्याला थेट दिसत नाही, तिचा परिणाम तेवढा दिसतो. दिव्यासारख्या छोट्या उगमापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. म्हणून छाती आणि चेहरा उजळ, आणि खाली पदराच्या घड्या झपाट्याने अंधारात जातात. हा वेगाने विरणारा उजेड पाहणाऱ्याला जवळ ओढतो. सपाट दिवसाच्या उजेडात हीच पोझ साधी झाली असती. नावात 'आशा' असल्यामुळे सगळे लेख आशेवर येऊन थांबतात. आमच्या मते चित्र त्याहून नेमकं काही सांगतं. ज्योत वाऱ्याने जाऊ नये म्हणून हात आडवा आहे, म्हणजे इथला भाव जपण्याचा आहे. आशा शीर्षकाने दिली, जपणूक हाताने.

या चित्राची नक्कल करणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण नक्कल हाही अर्थ लावण्याचाच मार्ग आहे. सावलीसाठी नुसता काळा वापरला की उजेड मरतो. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ब्लू मिसळून गडद करा, त्यात ऊब शिल्लक राहते. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद घ्या, प्रत्येक वॉश पूर्ण वाळू द्या, नाहीतर खालचा थर उचलला जाऊन चिखल होतो. आणि ज्योतीवर शेवटी पांढरा पोस्टर कलर लावू नका. तो थंड आणि अपारदर्शक असतो; उजेडाऐवजी चुन्याचा ठिपका दिसतो.

मग वस्तूंचा नंबर लागतो. फूल, पक्षी, आरसा, दिवा, पत्र, जे असेल ते. प्रत्येक वस्तूला आम्ही तीन प्रश्न विचारायला सांगतो. चित्रकाराने तिच्यावर उजेड किंवा ठळक कडा खर्च केली आहे का? आकृती तिला हात लावते किंवा तिच्याकडे पाहते का? कथेत किंवा त्या काळाच्या रीतीत तिला काही काम आहे का? तीनपैकी दोन उत्तरं 'हो' आली तर ती वस्तू बोलते आहे. दोन 'नाही' आली तर बहुधा ती स्टुडिओतलं सामान आहे. गालिचा, पितळी भांडं, कोरीव स्टूल, जाड पडदा या वस्तू अॅकॅडमिक, म्हणजे युरोपीय कलाशाळांच्या, पद्धतीच्या स्टुडिओतून एका चित्रातून दुसऱ्या चित्रात फिरत. तपकिरी-काळी पार्श्वभूमीही पुष्कळदा त्या शैलीची रीत असते. तिथे अंतर्मनातला काळोख शोधत बसू नये.

कथेत नसलेली वस्तू चित्रकाराने मुद्दाम आणली असेल तर मात्र तिथे थांबावं. जॉन एव्हरेट मिले यांच्या 'ओफेलिया' (1851-52) या चित्रात विलो, खाजकुयलीसारखी झोंबणारी नेटल आणि डेझी ही शेक्सपिअरने ओफेलियाच्या मृत्यूच्या वर्णनात सांगितलेली आहेत. तांबडं अफूचं फूल त्या वर्णनात नाही, ते मिले यांनी आणलं. निद्रा आणि मृत्यू हा त्याचा अर्थ तेव्हाच्या इंग्लिश प्रेक्षकाला ठाऊक होता. आणि तरीही त्या चित्राचा भाव फुलांनी ठरत नाही. पाण्यावर उघडे पडलेले तिचे दोन तळहात काहीच धरत नाहीत, विरोधही करत नाहीत. फुलं झाकून पाहा, भाव तसाच राहतो. हात झाकून पाहा, तो जातो.

भाव आणि प्रतीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे फ्रांचेस्को हायेझ या इटालियन चित्रकाराच्या 'चुंबन' या 1859 सालच्या चित्राइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं. दोघांचे चेहरे जवळजवळ झाकलेले. पुरुषाचा एक पाय पायरीवर आहे, म्हणजे तो निघालेला आहे. अंगरख्याआडून खंजिराची मूठ डोकावते. डावीकडे कमानीत एक सावली आहे. घाई, धोका आणि निरोप या तिन्ही गोष्टी त्या एका पायाने आणि त्या मुठीने सांगितल्या. स्त्रीचा झगा निळ्या साटीनचा आहे. इटलीच्या एकीकरणाच्या लढ्यात फ्रान्सची साथ मिळाली त्या वर्षीचं हे चित्र, म्हणून लाल-निळ्या रंगांना राजकीय अर्थ दिला जातो. त्याच चित्राची 1861 ची आवृत्ती हायेझने केली तेव्हा झगा पांढरा झाला. पोझ तीच, पायरी तीच, निरोपाचा भावही तोच. रंगाचा अर्थ तेवढा काळाबरोबर हलला. 'निळा म्हणजे विश्वास' असं ठोकून देणाऱ्यांनी या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

आपल्याकडे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात उलटा प्रकार झाला. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ते लेणं कोरवून घेतलं. त्यातलं एक भित्तिचित्र 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून जगभर गाजलं. मान कललेली, डोळे अर्धे मिटलेले, अंग सैल पडलेलं, मागून आधार देणारी दासी. देह इतका नेमका काढलाय, की मृत्यू वाटणं स्वाभाविक होतं. पण शेजारी मुकुट हातात घेतलेला सेवक आहे. तो मुकुट नंदाचा. त्याने संसार सोडून प्रव्रज्या, म्हणजे भिक्षूची दीक्षा, घेतली ही बातमी मुकुटाच्या रूपाने आली आहे आणि त्याची पत्नी सुंदरी ती पाहून कोसळते आहे. म्हणजे हे विरहाचं चित्र ठरतं. इथे एका वस्तूने भावाला नेमकं नाव दिलं, पण देहाने जे सांगितलं होतं ते खोडलं नाही. प्रतीकाचं काम एवढंच असावं.

लघुचित्रांतल्या अष्टनायिकांबद्दल, म्हणजे प्रेमाच्या अवस्थांवरून ठरलेल्या आठ प्रकारच्या नायिकांबद्दल, थोडक्यात. तिथे खुणा बऱ्याच ठरलेल्या आहेत आणि त्या शिकून घेण्यात काही कमीपणा नाही. सजवलेली शय्या आणि दाराकडे लागलेली नजर म्हणजे वासकसज्जा. पावसाळी रात्र, वीज, वाटेत साप, गळून पडलेलं पैंजण म्हणजे अभिसारिका. काळोख्या रात्री ती गडद वस्त्रात निघते, चांदण्यात पांढऱ्या. दागिने उतरवून फेकणारी विप्रलब्धा. इथेही तोच नियम लावा. साप नायिकेच्या पायाशी आहे आणि ती त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही. भाव तिच्या न पाहण्यात आहे.

नागपूरच्या शिक्षकांना याहून जवळचा धडा रामटेकला मिळेल. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी सप्रमाण मांडलं. उत्तरमेघात, म्हणजे त्या काव्याच्या दुसऱ्या भागात, विरही यक्षाच्या पत्नीचं वर्णन येतं ते एखाद्या चित्रकाराला दिलेल्या सूचनेसारखं आहे. विस्कटलेली एकच वेणी, न कापलेली नखं. उंबऱ्यावर फुलं मांडून ती उरलेले महिने मोजते. पिंजऱ्यातल्या सारिकेला, म्हणजे मैनेला, विचारते, की तुला धनी आठवतात का. मांडीवर वीणा आहे, तारा आसवांनी भिजल्या आहेत आणि स्वतःच रचलेली मूर्च्छना, म्हणजे स्वरांची रचना, ती विसरते. यात 'दुःख' दाखवायला आणलेली एकही सुटी वस्तू नाही. फूल, पक्षी, वीणा या तिन्हींना तिचा हात किंवा आवाज लागलेला आहे. आठवी-नववीच्या मुलांना या तीनपैकी एकच कृती निवडून पाव इंपीरियल (मोठ्या ड्रॉइंग कागदाच्या चौथ्या हिश्शाच्या) कागदावर आकृती रेखाटायला द्यावी. अट एक, चेहरा पाठमोरा. अश्रू काढायची सोय नसली की मुलं मान, मनगट आणि पाठ यांच्याकडे वळतात.

आता आपल्या हातातली गोष्ट. छापलेल्या चित्रावरून भाव वाचायचा तर छपाई वाचण्याजोगी हवी. न्यूजप्रिंट शाई पितो, ठिपके पसरतात आणि गडद भागातले दोन-तीन टोन मिळून एकच काळा होतो. मग लेखक त्याच काळ्यावर 'गूढ अंधार' लिहितो. जुन्या तैलचित्रांवरचं व्हार्निश पिवळं पडतं, निळा हिरवट दिसतो, पांढरा मधासारखा. घराघरांतल्या जुन्या ओलिओग्राफवर, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापांवर, तर रंगाचा अर्थ मुळीच लावू नये. रविवर्मा प्रेसच्या त्या छपाया दगडांवरून थराथराने केलेल्या, पुढे वर्षानुवर्षं उजेडात टांगलेल्या. त्यातले काही रंग इतरांच्या आधी उडतात आणि मूळ समतोल बिघडतो. सर्वांत वाईट म्हणजे कातरलेलं चित्र. जागा वाचवायला चित्राची बाजू छाटली की ज्या रिकाम्या जागेत नळ किंवा दुष्यंत 'नाही', तीच जागा जाते. शकुंतला चेहऱ्यापुरती छापली की ती मागे वळलेली कुठली मुलगी एवढंच उरतं.

म्हणून आपल्याला विनंती, की चित्र पूर्ण छापावं, निदान तीन कॉलम रुंद. तपशील दाखवायचा असेल तर तो वेगळ्या छोट्या चौकटीत द्यावा. शेजारी त्याच चित्राचा बोटभर कृष्णधवल ठसा द्यावा, म्हणजे वाचक घरबसल्या उजेड तपासू शकेल. लेखकाला शब्दमर्यादा देताना पहिला परिच्छेद फक्त 'काय दिसतं' यावर लिहायला सांगावं आणि अर्थ त्यानंतर. चित्राखाली नुसतं शीर्षक न देता पूर्ण ओळ द्यावी. उदाहरणार्थ: फ्रांचेस्को हायेझ, 'चुंबन', 1859, कॅनव्हासवर तैलरंग, 112 × 88 सेंमी, ब्रेरा चित्रसंग्रह, मिलान.

आपले,
चित्रकलेचे काही शिक्षक,
नागपूर